फोनवरचा जावई

माझा माझ्या मनावर पूर्ण ताबा आहे, हे लातुरात माझ्या सासुरवाडीच्या गल्लीत कुणालाही विचारा, लगेच सांगतील. सांगताना हसतात, एवढंच.

मी नांदेडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. आधी बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढली, त्यामुळं नोकरी पक्की व्हायला उशीर, नोकरीमुळं लग्नाला उशीर, आणि लग्न ठरलं तोवर डोक्यावरचे केस निरोप घ्यायला निघालेले. 'आत्मनियंत्रण' हा माझा हातखंडा धडा. माणूस मोहाला का बळी पडतो, मन कसं आवरावं, ठरवलेलं कसं पाळावं, हे मी इतकं रंगवून सांगतो की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवतात. (बाकाखाली. पण ठेवतात!) आणि तास संपला की मी तडक कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बालूशाही खायचो. बोलून बोलून माणसाला थकवा येतो, त्याला कोण काय करणार?

मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "सर, तुमची शुगर बॉर्डरवर आलीय." हे त्यांनी असल्या चेहऱ्यानं सांगितलं की मला वाटलं, देगलूर ओलांडून तेलंगणात निघालीच!

"आता गोड बंद," डॉक्टर म्हणाले.

"बंद म्हणजे बंद!" मी म्हणालो. "मनाचा ताबा हा माझा विषयच आहे."

शेजारच्या खुर्चीवर माझी बायको सुनंदा बसली होती. तिनं फक्त पर्समधून कागदाचा एक चुरगळलेला बोळा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्याला पेढ्याचा वास होता. स्कूटरच्या डिकीत सापडला म्हणे! मी तो बोळा मानसशास्त्राच्या नजरेनं पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याला शास्त्रशुद्ध उपाय हवा.

उपाय मला पाठ होता. दर वर्षी शिकवतो ना! ऐन वेळी मन आवरत नाही, म्हणून आधीच बंदोबस्त करायचा. पहाटे उठायचं असेल तर गजराचं घड्याळ उशाशी ठेवायचं नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, म्हणजे ते बंद करायला तरी उठावं लागतं. तसंच, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना आपल्या माणसांना सांगून ठेवायचं, की पुढं मी मागितलं तरी देऊ नका. माझं ऐकू नका! वर्गात हे वाक्य मी टेबलावर हात आपटून म्हणतो. पोरं वहीत लिहून घेतात. घरी जाऊन कुणी करून बघत नाही, म्हणून त्यांचं बरं चाललंय.

नेमका त्याच वर्षी अधिक महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, ही आमच्याकडची रीत. धोंडा म्हणजे कणकेच्या पोटात दाबून पुरण भरायचं, त्याला वाफ द्यायची, आणि वरून तूप असं सोडायचं की ताटात धोंडा आहे की तुपात ताट आहे, हे कळू नये. आणि आमच्या लग्नानंतरचा पहिला अधिक कधी आला होता? टाळेबंदीत! ना गाडी, ना घोडा. लातूरहून माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, तरीही धोंडे केले. मग मेव्हण्याच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला, एक धोंडा फोनच्या काचेजवळ धरला आणि म्हणाल्या, "जावईबापू, आ करा."

मी नांदेडात आ केला. दुसरं काय करणार! मामींनी काचेला धोंडा टेकवला, काच तुपानं माखली, आणि धुरकट पडद्यातून आवाज आला, "हे काय खरं न्हाई. पुढच्या अधिकात माझ्या हातानं भरवीन, तवा खरं."

तो पुढचा अधिक हा होता. मधली सगळी वर्षं मामी त्याची वाट बघत होत्या. फोनवर कुणाचीही ख्यालीखुशाली विचारून झाली की शेवटी एकच प्रश्न असायचा, "अधिक कधी येतोय ओ?" जसा काही तो मीच आणणार होतो. आणि आता तो आला, तर माझी शुगर बॉर्डरवर!

मी लातूरला फोन लावला. मुद्दाम मामांना, म्हणजे सासऱ्यांना. मामा लातूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. सगळा जन्म माइकसमोर गेला. गाडी सुटली असं त्यांनी एकदा माइकवर सांगितलं, की सुटली. एकदा त्यांचा सख्खा मेव्हणा पाणी प्यायला उतरला होता, त्याची पिशवी गाडीत, तो नळावर! "प्रवाशांनी नोंद घ्यावी," एवढंच मामा म्हणाले. पिशवी पुढं औशाला सापडली. मेव्हणा बरेच दिवस बोलत नव्हता. रिटायर झाल्यावर माइक सुटला, पण सवय सुटली नाही. घरात आंघोळीला पाणी तापलं, तरी आधी खाकरायचे आणि मग जाहीर करायचे. असल्या माणसाकडून शब्द घ्यायचा म्हणजे काम फत्ते!

"मामा, मला धोंडा द्यायचा नाही."

"बरं."

"मी मागितला तरी द्यायचा नाही."

"बरं."

"मी म्हणेन, अर्धा द्या. मी म्हणेन, सणाचा दिवस आहे, एकानं काय होतंय! मी असंही म्हणेन, की मामा, त्या दिवशी फोनवर मी मूर्खासारखं बोललो. काही म्हणजे काही ऐकायचं नाही!"

मामांनी क्षणभर विचार केला. "रडलाव तर?"

"रडलो तरी!"

"चक्कर आली म्हणलाव तर?"

"ते तर शुद्ध नाटक समजायचं!"

"दिला शब्द," मामा म्हणाले. खाकरले. "नोंद घ्यावी."

फोन स्पीकरवर होता. सुनंदा भेंडी चिरत ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, पण आईला विचारलं का?"

"त्यात आईंना काय विचारायचं? मामांनी शब्द दिला म्हणजे झालं!"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा भेंडी चिरायला लागली. बायको वाद न घालता भेंडी चिरायला लागली, की माणसानं सावध व्हावं. पण हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही.

ठरल्या दिवशी आम्ही नांदेडहून बसनं निघालो. धोंड्याच्या जेवणाला जावयानं कडकडीत भूक घेऊन जायचं असतं, म्हणून मी सकाळपासून चहावर होतो. (धोंडा खायचा नव्हता, हे खरं. पण भूक जुन्या सवयीनं आली, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.) अहमदपूर मागं पडल्यावर सुनंदा म्हणाली, "आईनं लई वाट बघितलीय हो. तिच्या हातून एवढासा तुकडा तरी घ्या."

"एवढासा तुकडा म्हणजे बांधाला एवढंसं भोक!" मी म्हणालो. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी मागं वळून कौतुकानं पाहिलं. मला आणखी चेव आला. चाकूर येईपर्यंत मी मनोनिग्रहावर बोलत होतो. आजोबा उतरताना माझ्या पाया पडायचे तेवढे राहिले.

लातुरात दारातच मामींनी पायांवर पाणी घातलं, ओवाळलं आणि म्हणाल्या, "आलाव का!" बस, एवढंच. पण चेहरा असा उजळला होता की मला कसंतरीच झालं. आणि मग आतून वास आला. पुरणाचा. त्यात जायफळ, वेलची, आणि नुकतं कढवलेलं तूप! माझं अर्धं मानसशास्त्र उंबऱ्यावरच गळालं. उरलेलं अर्धं घेऊन मी आत गेलो.

आत माझे साडू आधीच पाटावर बसले होते. उदगीरचे. हार्डवेअरचं दुकान. माणूस मोठा दिलदार, पण जेवायला बसला की उठायचं विसरतो. मला बघून म्हणाले, "या साडूभाऊ! ऐकलं आम्ही. लई मोठं काम करायलाव. आपल्याला जमणार न्हाई बुवा!" आणि पाटाची जागा त्यांनी जरा ऐसपैस करून घेतली.

मामा खाकरले. "पाव्हणे मंडळींनी नोंद घ्यावी. ताटं लागली हायेत."

चारी बाजूंनी रांगोळी, समोर समई, आणि मामी धोंड्यांचं ताट घेऊन आल्या. आधी साडूंच्या ताटात धोंडा पडला, त्यावर तूप. मग त्या माझ्यापुढं आल्या. वाकल्या. हात पुढं आला.

"हां! पुढं!" मामा म्हणाले.

मामींचा हात तिथंच थांबला. त्यांनी मामांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विनाथांबा गाडीसारख्या पुढं निघून गेल्या. माझ्या ताटात मामांनी स्वतःच्या हातानं ज्वारीची भाकरी आणि कारल्याची भाजी वाढली. "खास तुमच्यासाठी करायला लावली," म्हणाले. "शुगरला लई चांगली."

आता आमच्याकडची जेवणाची भाषा तुम्हाला ठाऊक असेलच. ताटावर आडवा हात धरून "नको, नको, पोट भरलं" म्हणायचं, याचा अर्थ अजून दोन वाढा. यजमानानं हात बाजूला सारून वाढायचं, पाहुण्यानं "अरे बाप रे" म्हणायचं आणि खायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलंय. मला वाटलं, मामा कडक आहेत, पण रीत म्हणून एकदा तरी आग्रह होईल. म्हणून धोंड्यांचं ताट दुसऱ्यांदा माझ्या जवळून जायला लागलं, तेव्हा मी मुद्दाम हात आडवा धरला आणि मोठ्यानं म्हणालो, "नको हं मामी! नको, नको!"

"बरं," मामा म्हणाले.

बरं! सबंध मराठवाड्यात जावयाचा नकार पहिल्या झटक्याला मंजूर झाल्याची ही पहिलीच वेळ असणार. आणि आग्रह अजिबात झाला नाही असंही नाही. झाला. कारल्याचा झाला! "घ्या की जावईबापू, अजून एक फोड! आमचं मन मोडू नका!" मी खरोखर पोटातून "नको" म्हणालो, तर मामांनी माझा हात बाजूला सारला आणि पळीभर कारलं वाढलं.

मामी हळूच म्हणाल्या, "अवो, पण रिवाजाचं काय? धाकट्या जावयाच्या तोंडात धोंडा जायला नको का?"

"धाकट्यांच्या वाटचा थोरल्यांना द्या," मामांनी निकाल दिला. "जावई तो जावई. आणि जावई खात न्हाईत म्हणून मी बी आज खाणार न्हाई. बास!"

"चालतंय की!" साडू म्हणाले. "घरातल्या माणसासाठी आपण न्हाई करायचं, तर कुणी करायचं?" आणि त्यांनी माझ्या वाटचा धोंडा फोडला. आतलं पुरण वाफेसकट बाहेर आलं. साडू डोळे मिटून म्हणाले, "मामी! जायफळ असं बरोब्बर पडलंय म्हणून सांगू..." तूप त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत गेलं. मी ते थेंब न थेंब पाहिलं.

मामी पदराला हात पुसत आत गेल्या.

माझा संयम तिथं संपला. (धडा शिकवायला मला पाऊण तास लागतो. संपायला एवढा वेळ लागला नाही.) मी घसा साफ केला. "मामा, मी काय म्हणतो... अर्धा चालेल."

मामांचा चेहरा आनंदानं फुलला. "बगा! म्हणलाव हुताव की न्हाई, अर्धा मागाल म्हणून!"

"नाही, पण सणाचा दिवस आहे, एकानं काय होतंय?"

"हे बी म्हणलाव हुताव!" मामा टाळी वाजवायचे तेवढे राहिले. "नंदे, तुजा नवरा लई हुशार हाय गं! शब्दाला शब्द जुळायलाय!"

"मामा, खरं सांगू का? त्या दिवशी फोनवर मी मूर्खासारखं बोललो."

आता तर मामांना गहिवरून आलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, असा माणूस मी सगळ्या नोकरीत बगितला न्हाई. पुढची गाडी कधी फेल हुणार, हे आदीच सांगणारा!"

"पण आता मी मागतोय ना! मीच मागतोय! शब्द मी घेतला, मीच सोडवतोय!"

"तसं कसं?" मामा म्हणाले. "शब्द मी फोनवरच्या जावयाला दिलाय. ते शांत हुते, विचार करून बोलत हुते. तुमी पाटावरचे. तुमची भूक बोलायलीय. तुमची माजी वळखच न्हाई."

जे मला दोन तासांत वर्गाला पटवता येत नाही, ते या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि माझ्याच विरुद्ध! फोनवरचा तो जावई मला अचानक अगदी नालायक वाटायला लागला. भरल्या पोटी बोलायला काय जातंय!

मग मी नको ते केलं. कपाळाला हात लावला आणि म्हणालो, "मामा, मला... चक्कर आल्यासारखं होतंय. साखर कमी झाली वाटतं."

मामी आतून धोंडा घेऊनच धावल्या. मामांनी हात आडवा केला. "थांब! हे बी ठरल्यालं हाय!" सुनंदा तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघायला लागली. पण साडू घाबरले. माणूस मनानं फार चांगला! त्यांनी खिडकीतून शेजारी हाक मारली, "खाला! ओ रजियाखाला! मशीन घेऊन या लवकर! जावई पडायलेत!"

रजियाखाला म्हणजे शेजारच्या घरातल्या. त्यांचं आणि मामींचं दाराला दार. खालांना कैक वर्षांपासून शुगर, त्यामुळं गल्लीत बोट टोचायचं मशीन त्यांच्याकडंच. त्या डोक्यावर ओढणी घेत धावत आल्या, "या अल्ला, काय झालं जमाईराजाला?" म्हणाल्या, आणि मी "नको" म्हणायच्या आत माझ्या बोटात सुई खुपसली. सगळे मशीनभोवती गोळा झाले. मशीननं टिंग केलं.

खालांनी आकडा बघितला. मग मला बघितलं. "अरे, एकदम फस्टक्लास हाय की! बहोत शुगर नै, कम शुगर नै." मग चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या, "चक्कर कायकी आती मग?"

साडूंनी मोठ्या समजूतदारपणानं माझ्या ताटात कारल्याची एक फोड सरकवली.

जेवणं झाली. सगळे बाहेरच्या खोलीत आडवे झाले. साडू घोरायला लागले, आणि घोरण्यालासुद्धा पुरणाचा वास येतोय असा मला भास झाला. पंख्याकडं बघत मी ठरवलं, की झोपायचं. स्वतःला बजावलं, की झोपायचं! आणि मग मी उठलो आणि मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघराकडं निघालो. माझ्या पायांनी मला विचारलंसुद्धा नाही.

स्वयंपाकघरात मामी होत्या.

भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. समोर एक ताट, त्यावर दुसरं ताट उपडं. मला बघून दचकल्या नाहीत, नुसत्या सावरून बसल्या.

"मामी, झोपला नाहीत?"

"न्हाई ओ. मला दुपारची झोप कुठं लागती?"

"जेवलात ना?"

त्यांनी उपडं ताट जरा सरळ केलं. "जेवीन की. मला काय घाई हाय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या जावयांच्या तोंडात धोंडा गेल्याशिवाय सासूनं जेवायचं नसतं. मामी सकाळपासून उपाशी होत्या. पुरण शिजवलं, वाटलं, भरलं, वाफवलं, सगळ्यांना वाढलं, साडूंना माझ्या वाटचंसुद्धा वाढलं, आणि स्वतः एक घास घेतला नाही. कुणाला सांगितलंही नाही! आणि मी आज दिवसभर काय करत होतो, तर माझ्या एका धोंड्यासाठी चकरा आणत होतो. मला भयंकर लाज वाटली. पोटातली भूक होती तशी खाली बसली.

"मामी, अहो, सांगायचं नाही का?" मी खाली बसलो. "पण आता मामांनी शब्द दिलाय..." (बघा! दिवसभरात पहिल्यांदा मी माझ्या शब्दाची बाजू घेत होतो, तीही नको तिथं.)

मामींनी माझ्याकडं बघितलं. "त्यांनी दिलाय. मी दिलाय का?"

"नाही."

"मला कुणी इचारलं का? फोन मला दिला का तुमी?"

"नाही."

"मग?" त्यांनी उपडं ताट उचललं. खाली एकच धोंडा होता, तुपात बुडालेला, माझ्यासाठी झाकून ठेवलेला. त्याचा एक तुकडा मोडला, हात पुढं केला आणि म्हणाल्या, "आ करा."

मी आ केला. या वेळी मध्ये काच नव्हती.

तेवढ्यात दार करकरलं. बनियनवर मामा उभे!

मी तोंड उघडं टाकून बसलेलो, मामींचा हात माझ्या तोंडात. कुणीच हललं नाही. मामांनी आम्हाला बघितलं, आम्ही मामांना. एरवी बसस्थानक दणाणून सोडणारा तो आवाज आता जेमतेम ऐकू आला, "मी... धोंड्यांचा डबा नीट झाकलाय का, ते बगायला आलतो."

"झाकलाय," मामी म्हणाल्या. "मघाशी खाला मशीन घेऊन आल्या, तवा बी तुमी बगून गेलाव की. तवा दोन कमी झाले."

माझ्या तोंडात धोंडा होता, म्हणून मी हसलो नाही. गिळला आणि मग हसलो. एवढा हसलो की खरंच चक्कर यायची वेळ आली. मामा दाराला धरून उभे होते. मग तेही खाली बसले, हळूच डबा जवळ ओढला आणि म्हणाले, "जावईबापू, एक इनंती हाय. हे फोनवरच्या जावयाला सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणालो. "तो तसाही माझं काही ऐकत नाही."

मग मामींना मी वाढलं. त्या ताटावर हात आडवा धरून "नको, नको, बास" म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. सुनंदा कधी येऊन दारात उभी राहिली ते कळलंच नाही. डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती, आणि बाहेरच्या खोलीतून साडूंचा झोपाळू आवाज आला, "मामी, एखाद-दोन उरलेत का ओ?"

संध्याकाळी निघताना रजियाखाला दारात आल्या, मशीन हातात. "जमाईराजा, जाते जाते एक बार देख लेते की!" पळायला जागा नव्हती. त्यांनी बोट टोचलं, आकडा बघितला, मग माझ्या सदऱ्यावरचा तुपाचा डाग बघितला, मग मामांच्या बनियनवरचा. मशीन शांतपणे ओढणीत गुंडाळलं. "मशीन बिगड गई दिस्ती," म्हणाल्या. "दोपहर को अच्छी थी."

ही झाली मागच्या अधिकातली गोष्ट. त्यानंतर माझी शुगर बॉर्डर ओलांडून गेली ती गेलीच. आता मी गोळ्या घेतो, सकाळी गोदावरीकाठी फिरतो, बालूशाहीच्या हॉटेलावरून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जातो. आणि मामा गेले. फार आजारी पडले नाहीत. कुणाला ताटकळत ठेवायची सवय नव्हतीच त्यांना. त्यांच्या माघारी मी पहिल्यांदा लातूरला गेलो, तेव्हा जेवणाची ताटं लागली आणि कुणी खाकरलं नाही. तशीच ताटं समोर घेऊन आम्ही कितीतरी वेळ बसून होतो. कुणालाच सुरुवात करावीशी वाटेना. मला त्यांची फार आठवण येते. माझं म्हणणं इतक्या मनापासून ऐकणारा माणूस मला वर्गातसुद्धा कधी मिळाला नाही.

यंदा पुन्हा अधिक महिना लागला. मी बराच विचार केला आणि पोट भरलेलं असताना, डोकं थंड असताना लातूरला फोन लावला. या वेळी मामींना. चूक एकदाच करावी माणसानं.

"मामी, मला जरा सांगायचं होतं..."

"कळलं," मामी म्हणाल्या. "तुमच्यासाठी बारका धोंडा करीन. एकच. तूप बी बेतानं." मग जरा थांबल्या. "शब्द देणारं माणूस आता न्हाई जावईबापू. मला काय शब्दबिब्द जमत न्हाई. तवा येताना तेवढं एक करा."

"काय?"

"त्या फोनवरच्या जावयाला तिकडंच ठेवून या."

मी त्याला नांदेडलाच ठेवून गेलो. परत आलो तेव्हा सदऱ्यावर तुपाचा नवा डाग होता. फोनवरचा जावई मात्र अजून तसाच आहे, पोट भरलेला, डोकं थंड. कॉलेजात पोरांना आत्मनियंत्रण तोच शिकवतो. जेवायला मी जातो.